पाठीवर कवटी असलेले दोन पतंग

सासूबाईंना हिंगोलीला न्यायला मी कुरुंद्याला आले होते. परमेश्वर, माझा नवरा, सामानासाठी टेम्पो घेऊन मागून येणार होता. एवढं साधं काम, पण सासूबाई, पंचफुलाबाई, अडून बसलेल्या. का, तर सासरे वारले तेव्हा दिव्याजवळ पसरून दुरडीखाली झाकलेल्या पिठावर म्हणे पंखांची खूण उमटली, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते पतंग होऊन घरी येतात! मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. असला अडाणीपणा ऐकला की माझं डोकं उठतं.

दिवा लागला आणि तो आला. जाडजूड पोट, पाठीवर कवटीसारखी खूण. भिंतीवर बसून उंदरासारखा चिरकला. सोंडेतून हवा फुंकतो, दुसरं काही नाही. थोड्या वेळाने तसाच दुसरा येऊन त्याच्याशेजारी बसला. मला हसूच आलं.

"बघा आत्या," मी सासूबाईंना दाखवत काडीने दोन्ही पतंगांचे पुढचे पंख उचलले. "याचा मागचा पंख मुळाशी पिवळा. ही तिळाच्या पिकावरची जात. आणि याच्या मुळाशी हा मोठा काळा डाग. ही जातच वेगळी. आता सांगा, यातले मामंजी कोणते?"

त्या खजील होतील असं वाटलं होतं. त्यांनी सरळ पिवळ्याकडे बोट केलं.

"हे रोजचेच. यांना काळं न्हाई, म्या बघितलंय." मग त्या दुसऱ्याकडे वळल्या. "हे आजच आलं... सत्यशीला, आपल्यातलं कोण..."

"कोणी नाही!"

"परमेश्वर अजून काहून आला न्हाई?"

मला संताप आला. उजेडाला किडा येतो, त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही. त्यांचं तोंड बंद करायला मी परमेश्वरला फोन लावला.

रिंग वाजली. काळ्या डागाचा पतंग चिरकला. रिंग थांबली, तो थांबला. पुन्हा रिंग, पुन्हा चिरकणं. पिवळा गप्प होता.

"योगायोग आहे," मी म्हणाले. फोन कोणी उचलत नव्हतं. मी तो मध्येच कापला. चिरकणंही मध्येच तुटलं.

"परत लाव की, पोरी..." आत्या कुजबुजल्या.

माझं बोट त्याच्या नावावर होतं, पण दाबायची हिंमत होईना. भिंतीवरच्या काळ्या डागाच्या पतंगाची सोंड अजून उलगडलेलीच होती.