राहून गेलेली ओळ

नीरजाला मधमाश्यांबद्दल जेवढं ठाऊक होतं, तेवढं आंबोलीच्या अख्ख्या पंचक्रोशीत फक्त तिच्या आबांना ठाऊक होतं. चालायला लागल्यापासून ती त्यांच्या मागे मागे मधपेट्यांमधून हिंडत आली होती. आणि नेमकं याच मुलीला सराव परीक्षेत मधमाश्यांच्या उताऱ्यावर पाचपैकी एक गुण मिळाला! ज्वालामुखीच्या उताऱ्यावर मात्र चार. ज्वालामुखी तर तिनं जन्मात पाहिला नव्हता. आता याला काय म्हणावं?

गंमत वाटावी असं हे कोडं, पण नीरजाला रडू फुटायचंच बाकी होतं. बारा दिवसांनी, तीस तारखेला, चांद्रशेती महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. तिथल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी चांद्रतळावर (चंद्रावरच्या संशोधकांच्या वस्तीत) पाठवत असत. नीरजाची आई दोन वर्षांपासून तिथेच होती, काचघरात टोमॅटो वाढवत.

"आबा, मला वाचताच येत नाही बहुतेक," नीरजा म्हणाली.

आबांनी मधपेटीचं झाकण लावलं आणि हात पुसले. डोळा आणि मेंदू यांची जोडी कशी चालते, हे शोधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ते माश्यांकडे वळले, पण कपाट जुन्या उपकरणांनी भरलेलंच होतं. त्यातून त्यांनी नेत्रवेधी चष्मा (वाचताना नजर कुठे कुठे थांबली ते टिपणारा चष्मा) शोधून काढला.

"हा घाल आणि तोच उतारा पुन्हा वाच. नेहमीसारखा."

नीरजानं वाचला. मग आबांनी भिंतीवर उताऱ्याचं चित्र पाडलं. नजर जिथे थांबली तिथे लाल ठिपके उमटले होते. पहिल्या ओळीवर ते दाट होते. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर एकही नव्हता!

"अय्या! पण मी सगळं वाचलं!"

"तुला तसं वाटलं. नीरू, आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही. तो बेडकासारखा उड्या मारतो. टेकतो, पाहतो, पुन्हा उडी. उडीत असताना त्याला जवळजवळ काही दिसत नाही. मधली जागा मेंदू अंदाजानं भरतो, आणि तो इतका सफाईनं भरतो की आपल्याला पत्ता लागत नाही. विषय ओळखीचा असला की मेंदू म्हणतो, हे तर मला ठाऊकच आहे. मग डोळा लांब लांब उड्या मारत सुटतो."

"म्हणून ज्वालामुखी बरा गेला?"

"हो तर. तिथे तुझ्याकडे भरायला काही नव्हतंच. निमूटपणे वाचावं लागलं. आता सांग, या उताऱ्यातल्या माश्या पोळ्याची वाट कशावरून ओळखतात?"

"सूर्यावरून! शेंबडं पोरही सांगेल."

"रानातल्या माश्या, बरोबर. पण या तर बंद काचघरात जन्मलेल्या आहेत. यांनी सूर्य पाहिलाय?"

नीरजानं तिसरी ओळ वाचली. त्या माश्या भिंतीवरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाट काढत होत्या. तिनं जीभ चावली.

"म्हणजे मला जे माहीत आहे ते विसरायचं?"

"छे! देवळात जाताना चपला बाहेर काढतेस, टाकून देतेस का? येताना घालायच्याच असतात. तसंच हे. उताऱ्यात शिरताना आपलं ज्ञान दाराबाहेर ठेवायचं."

मग दोघं कामाला लागली. आबांनी तिला आधी प्रश्न वाचायला लावले, म्हणजे काय शोधायचं ते डोळ्याला कळतं. प्रत्येक परिच्छेद संपला की समासात दोनच शब्दांत सार लिहायचं. आणि उत्तर निवडलं की लगेच पुढे पळायचं नाही. आबा विचारत, "कुठल्या ओळीत?" आणि नीरजानं त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ते उत्तर उताऱ्याचं नसून आपल्या मनाचं.

एका पर्यायात लिहिलं होतं, 'सर्वच माश्या पट्टे ओळखतात.' नीरजा खूण करणार, तेवढ्यात थबकली. "उताऱ्यात 'बहुतेक' म्हटलंय. 'सर्वच' कुठेच नाही!"

"वा! 'सर्वच', 'फक्त', 'कधीच' असे शब्द आले की कान टवकारायचे. कधीकधी ते खरेही असतात, पण ओळ दाखवल्याशिवाय सोडायचं नाही."

ऊन कलेपर्यंत चार उतारे झाले. शेवटच्या उताऱ्यात पाचपैकी पाच!

"आईला कळव," आबा खुशीत म्हणाले.

नीरजाचा चेहरा पडला. "तिला कशाला? ती येत नाहीये. तिला माझ्यापेक्षा टोमॅटोच प्रिय आहेत."

महिन्यापूर्वी आईचं पत्र आलं, तेव्हा 'आई बरी आहे, येत नाही' एवढंच नीरजानं आबांना सांगितलं होतं. त्यांनीही खोदून विचारलं नव्हतं.

"असं तिनं लिहिलंय?" त्यांनी हळूच विचारलं. "कुठल्या ओळीत, नीरू?"

नीरजाचे डोळे भरून आले. तिनं रागारागातच पाटीच्या पडद्यावर आईचं पत्र उघडलं. चष्मा नाकावर तसाच होता. भिंतीवर ठिपके उमटू लागले. पहिल्या ओळीवर एकावर एक. तिथून एकदम उडी, थेट खाली आईच्या नावावर. मधल्या पाच ओळी कोऱ्या!

ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते एकेक शब्द पुढे सरकवत ती मोठ्यानं वाचू लागली.

"या फेरीला मी परत येत नाही. पुढच्या फेरीत जागा मागितली आहे. ते यान तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी उतरेल. परीक्षेच्या फाटकापर्यंत तुला सोडायला यावं, असं फार मनात आहे. पण अभ्यासात माझा व्यत्यय वाटत असेल तर मी थांबेन. एकोणीस तारखेपर्यंत कळव, मग जागा पक्की करते."

"आबा, आज किती तारीख?"

"अठरा."

नीरजानं डोळे पुसायलाही वेळ घेतला नाही. तिनं आईला लिहिलं, 'ये. नक्की ये. तुझं पत्र मी आज वाचलं.' उत्तर चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद पुरे होता. नीरजानं मात्र महिना लावला होता, आणि याचं तिला फार वाईट वाटलं.

आईचा निरोप जेवणाआधीच आला. त्यात एकच ओळ होती. 'जागा पक्की केली, फाटकाशी भेटू.'

नीरजा चष्मा न काढता तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसली. आबांनी भिंतीवरचे ठिपके मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले, कारण ते वाढतच होते.