सैल झाकणाचा पिवळा दिवा

सुप्रजाच्या गाडीतला तो पिवळा दिवा पहिल्यांदा पेटला, तो अगदी खराखुरा. तमिळ मुलखात, कावेरीकाठच्या मेलकावेरीच्या वळणावर! स्टिअरिंगमागच्या काचेत इंजिनाच्या चित्राचा दिवा बघून पोरगी अशी गार पडली, की भर उन्हात तिचे दात वाजले. समोरच गॅरेज. आतून रविशंकर आला. चेन्नईची मोठी नोकरी सोडून आलेला इंजिनीअर... आणि काय त्याचं हसू! त्या हसण्यानं शेजारच्या तीन घरांतली कॉफी उतू गेली असेल.

त्यानं स्टिअरिंगखाली डबीएवढं यंत्र खोचलं, फोनवर बिघाडाचा आकडा वाचला आणि तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलंय. वाफ निसटतेय. बाकी काही नाही."

झाकण पिळलं, आकडा पुसला, दिवा गेला. पोरगीही गेली ना कामातून!

मग काय, दिवा पेटायचा थांबेचना. सुप्रजा झाकण हळूच सैल करायची, गाडी गावभर हिंडवायची, पिवळा उजेड पडला की थेट गॅरेज. तिचे वडील व्यासराज, म्हणजे अप्पा, बिचारे हवालदिल. गाडीला दृष्ट लागली म्हणून तिरुनागेश्वरमच्या देवळात जाऊन राहूला दूध घालून आले. तरी पेटलाच! शेवटी म्हणाले, "विकून टाकतो." गिऱ्हाईकही ठरलं. आज संध्याकाळी येणार.

गाडी गेल्यावर गॅरेजात जायचं कुठल्या तोंडानं? शेवटची खेप म्हणून सुप्रजा आली. रविशंकर वाकून यंत्र लावत होता, आणि ही नेहमीसारखी त्याच्या शेजारीच उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होती. मराठीत. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी घर, आणि घरात सगळ्यांचीच ही खोड. उंबऱ्याबाहेर तमिळ, पण गुपित बोलायचं असलं की चारचौघांत खुशाल मराठी. इथं कुणाला कळतंय?

"काय करू गे पवित्रा? झाकण मीच सैल करते, हे अप्पांना सांगू कसं?... हो, इथंच आहे, हाताच्या अंतरावर. कान सुपाएवढे, पण डोळे — अगाई गं! गाडी विकली की हे ध्यान पुन्हा दिसायचं नाही गे..."

तिनं फोन ठेवला.

रविशंकर सरळ उभा राहिला. "दिवा विझला," तो म्हणाला — मराठीत! "आता हे सुपाएवढे कान कुठं लपवू, तेवढं सांगा."

सुप्रजाचा आ असा वासला, की कावेरीवरचा बगळा घरटं बांधायला आला असता.

"तुम्ही... मराठी?"

"सेलमचे मराठी आम्ही. घरी हीच भाषा."

"कधीपासून ऐकताय?"

"पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी तुम्ही फोनवर बहिणीला सांगत होतात, माझी चाल उंटासारखी आहे."

"अगं बाई! मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही पुढचं बोलला असतात?"

आता मात्र ती भडकली. "हसताय काय? गाडी चाललीय! संध्याकाळी ते मेलं गिऱ्हाईक येतंय!"

रविशंकरचा चेहरा लालबुंद झाला. हातातलं यंत्र खाली पडलं.

"ते मेलं गिऱ्हाईक... मीच आहे."

"काय?"

"दलाल स्वामीनाथांना मध्ये घातलं. माझं नाव सांगू नका म्हटलं. तुमच्या घरात पाऊल टाकायला दुसरं निमित्तच सुचेना."

"आणि गाडी?"

"गाडी कुणाला हवीय?"

सुप्रजाला भोवळच आली. मग तिनं फोन उचलला.

"अप्पा, गाडीत काही बिघाड नाही. झाकण मीच सैल करत होते... ओरडू नका ना! का ते संध्याकाळी समोर बसून सांगते. गाडी विकायची नाही..." ती थांबली. शब्द न् शब्द त्याला कळतोय हे ठाऊक असूनही तिनं मान वळवली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत, मराठीतच म्हणाली —

"पण गिऱ्हाईकाला परत पाठवू नका."