रंग : नाही

भिसेगावच्या घरातून निघताना गॅस बंद केलाय ना, हे प्रणिता तीनदा बघायची. अशा बाईच्या सहीवर खालापूरकडच्या एका जीन्स रंगवणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात सुटायचं. तिचं तिलाच हसू यायचं.

त्या दुपारी पाळणाघर बंद, म्हणून चार वर्षांची श्रिया सोबत होती. हौदांवरून खळीचा आंबूस वास येत होता. प्रणिताने शेवटच्या हौदातलं पाणी काचेच्या नळीत धरलं. लख्ख.

"म्याडम, तासभर उघडं ठेवून बघा," हौद सांभाळणारा विठू म्हणाला. "ह्यो निळा औषधानं जात नाय, लपतो. हवा लागली की परत येतो."

हे तिला ठाऊक होतं. पण हौद काठोकाठ भरले होते आणि साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. तिने वहीत लिहिलं, 'रंग : नाही.' सही केली. विठूने व्हॉल्व्ह उघडला.

श्रिया हौदाच्या कठड्याशी उभी होती. एक हात वर, कुणीतरी मनगट धरल्यासारखा.

"आई, ही आजी म्हणते, आता तू लप."

"कुठली आजी गं?"

विठू हळूच म्हणाला, "अंबूबाई असंल... खाली ओढ्यावर धुणं धुवायची. सरणावर ठेवली तवाबी हात निळेच व्हते. पोरीला घरी न्या, म्याडम."

घरी प्रणिताने श्रियाचे हात साबणाने चोळले. स्वच्छ. टॉवेलने पुसले, आणि हवा लागताच मनगटाभोवती एकेक करून चार निळी बोटं उमटली. मोठ्या माणसाची. धुतली, गेली. पुसली... आली.

तिने फोन लावला. "विठू, व्हॉल्व्ह बंद कर! आत्ता!"

"तुमीच लिवलंय ना, रंग नाय म्हणून?"

"खोटं लिहिलं मी. उद्या खोडते... बंद कर रे!"

फोनमध्ये व्हॉल्व्हचं चाक करकरलं. श्रियाच्या मनगटावरची बोटं सैल पडली, फिकी झाली, गेली. रात्रभर प्रणिता तो हात उघडा ठेवून बसली. काही उमटलं नाही.

सकाळी श्रियाला पाळणाघरात सोडून तिने कारखान्यात वही उघडली. 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. शाई वाळावी म्हणून पान उघडंच ठेवलं.

हवा लागली तसा तिच्या सहीशेजारी एक निळा अंगठा उमटू लागला...

लहानसा. चार वर्षांच्या मुलीएवढा.