कागदावर उचललेला माणूस

आमच्या समुद्रकाठच्या सॉल्टरबी गावात पाहण्या-करण्यासारख्या अकरा गोष्टी आहेत. यादी मीच केली. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी परतले तेव्हा नगरपालिकेने मला उन्हाळ्यापुरती दोन कामं दिली: पर्यटकांसाठी घडीपत्रक तयार करायचं आणि कड्यावरच्या बुरुजातला कॅमेरा ऑब्स्क्युरा चालवायचा.

बाबांनी ते पत्रक फारच मनावर घेतलं. साठ वर्षं या गावात काढून त्यांनी त्यातलं जवळजवळ काहीच केलेलं नव्हतं. मग रोज एक गोष्ट करायची आणि पेन्सिलीने खूण करायची, असा त्यांचा नेम सुरू झाला. गाढवावरून फेरी मारायला वजनाची अट निघाली, तेव्हा त्यांनी गाढवाला गाजर चारलं आणि खूण केली.

"आज सातवी," त्या दिवशी नाश्त्याला ते म्हणाले. "वाळूतला जहाजाचा सांगाडा. ओहोटी तीन चाळीसला ना?"

"पत्रकात लिहिलंय की, बाबा."

"लिहिलंय खरं. पण जिने लिहिलंय ती अंडी उकळायला ठेवून विसरते, म्हणून विचारलं."

मी हसले. तीन चाळीस, मी म्हणाले.

बुरुजाच्या माथ्यावर एक आरसा आणि एक भिंग आहे. खाली अंधाऱ्या खोलीत पांढरं गोल टेबल. दांडा फिरवला की आरसा वळतो आणि गाव टेबलावर उतरतं: समुद्रात घुसलेला लोखंडी धक्का, तळलेल्या माशांच्या दुकानासमोरची रांग, दोऱ्यांवर फडफडणारे टॉवेल. सगळं हलतं, पण आवाज नसतो. पाहुण्यांना त्यातला एकच खेळ आवडतो. पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद टेबलावर धरायचा, एखादा माणूस चालत त्यावर आला की कागद हळूच वर उचलायचा. माणूसच उचलल्यासारखं वाटतं. कागद टेबलापासून वर गेला की चित्र पुसट होतं, कारण भिंग टेबलाच्या अंतरावर जुळवलेलं आहे. हे मी प्रत्येकाला सांगते. कोणी ऐकत नाही.

चार वाजता खोलीत फक्त ऑडी जोडपं होतं. दोघंही सत्तरीची, दरवर्षी येणारी.

"डोरीन, तो गुलाबी टोपीवाला उचल," ऑडी म्हणाले. "तुझ्या बहिणीला देऊन टाकू."

"माझी बहीण त्याला त्याच कागदात गुंडाळून परत पाठवेल," ऑडीबाई म्हणाल्या आणि कागद सरकवत राहिल्या.

मी आरसा वाळूकडे वळवला. सांगाड्याच्या काळ्या फासळ्यांजवळ बाबा उभे होते. टेबलावर तांदळाच्या दाण्याएवढे, तरी डाव्या पायावर झुकून उभं राहण्याची ती ढब मी कुठेही ओळखली असती. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक चर आहे, ओहोटीला कोरडा पडणारा. तो चमकत होता.

वीस मिनिटांत पाणी इतकं चढत नाही.

आमच्या गावात वाढलेल्या प्रत्येकाला एक सवय असते. उन्हाळ्यात आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे करतात, पण भरती-ओहोटीच्या पुस्तिकेत तेव्हाही हिवाळी घड्याळाची वेळ छापतात, म्हणून वाचताना एक तास मिळवायचा. पत्रक करताना मी तो मिळवला होता. आता खणातून पुस्तिका काढून टॉर्चच्या उजेडात पहिलं पान पाहिलं. यंदा तास आधीच मिळवला आहे, असं तळाशी बारीक अक्षरात होतं.

खरी ओहोटी दोन चाळीसला होऊन गेली होती.

मी बचावबोटीच्या ठाण्याला फोन केला. बचावबोट लगेच निघत होती. बारा मिनिटं लागतील, असं तिथले लोक म्हणाले.

"कोण आहे तो?" ऑडीबाईंनी विचारलं.

"माझे बाबा."

ऑडी टेबलावर ओणवे झाले. बाबांच्या भोवतीची कोरडी वाळू मघाशी माझ्या तळहाताएवढी होती. आता ती नाण्याएवढी झाली. मी घड्याळ बघून अंदाज बांधला. चार मिनिटं. फार तर पाच. बाबांना पोहता येत नव्हतं.

ते चराकडे गेले, मागे फिरले. मग थांबून त्यांनी खिशातून काहीतरी पांढरं काढलं आणि वाचू लागले. पत्रक. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा पत्रक पाहिलं.

"बाबा, टाका ते," मी टेबलाला म्हणाले. "टाका ना!"

"बोट येईल, पोरी," ऑडीबाई म्हणाल्या.

"नाही पोचणार, काकू."

उजेड वरून खाली येतो. टेबलावरून वाळूकडे काहीच जात नाही. हे मला माहीत होतं, त्या क्षणीही माहीत होतं. मी ऑडीबाईंच्या हातातून कागद ओढून घेतला.

बाबांच्या पायाखाली धरला.

उचलला.

चित्र पुसट झालं नाही.

कागद जड लागला.

खाली टेबलावर, ते उभे होते तिथे, पांढरी जागा राहिली. मग तिच्यावरून पाणी गेलं.

"देवा," ऑडी म्हणाले.

मी तो कागद दोन्ही हातांवर आडवा धरून बावन्न पायऱ्या उतरले. वाऱ्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. उन्हात आल्यावर पाहिलं तर कागद कोरा होता आणि नेहमीइतकाच हलका.

बाबा समोरच्या बाकावर बसले होते. बूट कोरडे, मोज्यांत वाळूचा कणही नाही.

"कोणीतरी काखेत हात घातले, हेस्टर," ते म्हणाले. "लहानपणी माझी आई उचलायची ना, अगदी तसं."

मी त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडले. कोट कोटासारखाच लागला, तंबाखूच्या वासाचा. बोटीवरचे लोक परत आले, वाळूवर कोणीच नव्हतं म्हणाले, आणि बाबांकडे पाहून निघून गेले.

घरी मी चहा केला. बाबांनी तो घेतला नाही. ते खिडकीशी उभे होते, एका हाताने पडदा घट्ट धरून.

"झालं ना आता?" ते हळूच म्हणाले. "ठेव की मला खाली."

"बाबा, तुम्ही घरी आहात. गालिच्यावर उभे आहात."

"हो का?" ते म्हणाले, अगदी परक्या माणसाशी बोलावं तशा नम्रपणे. "दमली असशील तू. हात भरून आले असतील."

मी त्यांच्या पायांशी गुडघ्यांवर बसले. त्यांच्या घरच्या सपाता गालिच्याला टेकलेल्या दिसत होत्या. मी तळहात सपाट केला आणि डाव्या सपातेच्या टाचेखाली, जिथे त्यांचा सगळा भार असतो, तिथे सरकवला.

तो कुठेही न अडता चवड्याखालून बाहेर आला.