सावली परत येईतो

सांगलीहून आलेली एसटी सातारा स्टँडवर लागली आणि तिच्यातून उतरलेल्या मुलानं एवढ्या माणसांतून नेमकं उमालाच विचारलं, "गोडोलीला कुठल्या बाजूनं जायचं?"

त्याच्या खांद्याला शबनम होती आणि हातात पितळी होकायंत्र.

"होकायंत्र आहे की हातात," उमा म्हणाली.

"ते उत्तर दाखवतं. गोडोली नाही दाखवत."

उमानं हसू ओठात दाबलं आणि रस्ता सांगितला. तासाभरानं ती वडिलांचा डबा घेऊन गोडोलीतल्या आपल्या प्लॉटवर पोचली, तर तोच मुलगा तिच्या प्लॅनवर वाकून उभा होता.

"हे सुमंत," तिचे वडील, निवृत्त सुभेदार मानसिंग, म्हणाले. "सांगलीच्या गंगाधरअण्णांचे चिरंजीव. आपल्या लांबच्या सोयरिकीतले. वास्तू बघाय आल्यात."

पंच्याण्णव साल होतं ते. साताऱ्यात जो तो वास्तू बघत होता. कुणी पुढचं दार मागं नेलं, कुणी चांगला बांधलेला जिना पाडला. सुभेदार तरी मागे कसे राहतील? पण हा प्लॅन उमानं काढला होता. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केल्यावरचं तिचं हे पहिलं घर.

"प्लॅन छान आहे," सुमंत म्हणाला. "पण प्लॉट तिरका आहे. चूल आग्नेयेला हवी. दिशा धरल्यावर कळेल, स्वयंपाकघर हलवायचं का ते."

"ते हलणार नाही."

"घर हलत नाही. प्लॅन हलतो."

"माझा हलत नाही."

उमाच्या आईनं बावीस वर्षं फौजेच्या क्वार्टरांमध्ये भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापल्या होत्या. या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर अख्खा जरंड्याचा डोंगर दिसणार होता. त्या खिडकीसाठी उमानं बाकीचं सगळं घर वाकवलं होतं.

सुभेदार पाहुण्याला चहाला टपरीवर घेऊन गेले. प्लॉटच्या मधोमध लॉरीनं सळया टाकल्या होत्या. दिशा मधोमधच धरतात, हे उमाला ठाऊक होतं. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई बहकते, हे डिप्लोम्यात शिकवलं होतं. तिनं सळयांवर बारदान पसरलं, वर दोन फळ्या टाकल्या आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

सुमंत आला. फळीवर होकायंत्र ठेवलं. सुई थरथरली, बहकली, थांबली. पूर्वेच्या कोपऱ्यातलं स्वयंपाकघर आग्नेयेत जाऊन बसलं.

"मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "नेमकी जागा धरलीत."

इतक्या सरळ नजरेनं बघत म्हणाला... की उमानं डब्याचं झाकण उगाच काढलं आणि परत लावलं.

पुढच्या दोन महिन्यांत तो तीनदा आला. एकदा विहिरीची जागा बघायला, एकदा दाराची मापं घ्यायला. तिसऱ्यांदा मात्र हात हलवत.

"आज काय धरायचंय?" उमानं विचारलं.

"काही नाही. इकडून चाललो होतो."

"कुठनं कुठं?"

"सांगलीहून सांगलीला."

मधल्या दिवसांत अंतर्देशीय पत्रं येत. त्यात कामाच्या चारच ओळी असायच्या, तरी कागदावर जागा उरायची नाही. उमा ती पत्रं प्लॅनच्या गुंडाळीत ठेवायची. रोज एकदा तिला वाटायचं, सांगून टाकावं. रोज एकदा ती गप्प बसायची.

मग माघात एक पत्र आलं.

"शुक्रवारी आखणीला अण्णा स्वतः येणार आहेत. ते होकायंत्र मानत नाहीत. जमिनीत शंकू, म्हणजे साधी लाकडी खुंटी रोवून तिच्या सावलीवरून दिशा काढतात. माझी दिशा त्यांच्या सावलीशी जुळली, तर पुढची कामं माझी. नाही जुळली तर मी परत रंधा मारायला मोकळा. पण जुळेल. तुमचंच घर आहे ना."

बुधवारी सकाळच्या गाडीनं उमा सांगलीला गेली.

अण्णा गावाला गेले होते. सुमंत त्यांच्या सुतारशाळेत एका चौकटीवर रंधा मारत होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला परत फिरावंसं वाटलं.

"तुम्ही? बसा ना—"

"उभ्यानंच सांगते. त्या फळ्यांखाली सळया होत्या. मी झाकल्या होत्या."

त्यानं रंधा खाली ठेवला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

तो बराच वेळ चौकटीवरचा भुसा फुंकत राहिला. फुंकण्यासारखा उरला नाही, तरी.

"मग दोन महिने का गप्प बसलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता."

हे असं काही बोलायचं ठरवलं नव्हतं तिनं. निघून गेलं तोंडातून... आता परत कसं घेणार?

सुमंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आवाज मात्र कोरडाच ठेवला त्यानं. "उद्या सकाळी नऊला प्लॉटवर या. डबा आणा. दिवस जाईल."

आणि दिवस गेलाच. सुमंतनं प्लॉटवर खुंटी रोवली, तिच्याभोवती दोरीनं गोल आखला. पावणेअकराला सावलीचं टोक गोलावर टेकलं, तिथं त्यानं खूण केली. ती पश्चिम. आता दुपार उलटून सावली दुसऱ्या बाजूनं गोलावर यायला हवी. ती पूर्व. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. तोवर काय करायचं? काही नाही. बसायचं.

"अजून रागात आहात?" उमानं विचारलं.

"तीनपर्यंत आहे. मग बघू."

"मग भाकरी तीनला खाणार का?"

"भाकरीवर राग नाही."

जेवता जेवता त्यानं खिडकीची हकीकत विचारली. उमानं आईच्या बावीस वर्षांबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला, मग पेन्सिल काढून प्लॅनवर झुकला. "शास्त्रात स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं. म्हणजे स्वयंपाकघर आग्नेयेला सरकवलं, तरी ओट्यासमोर पूर्वेची खिडकी येतेच. फक्त शेजाऱ्यांची भिंत आड येईल. अर्धा जरंडा मिळेल."

"अर्धा?"

"एवढाच आहे माझ्याकडे."

तिनं पेन्सिल त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या हातानं स्वयंपाकघर खोडलं. बोटं बोटांना लागली. दोघांनीही सावलीकडे बघितलं, जणू ती आत्ताच पळून जाणार होती.

तीनला पाच मिनिटं कमी असताना सावली गोलावर टेकली.

शुक्रवारी अण्णा आले. धोतराचा सोगा खोचून ते खुंटीशी बसले आणि सकाळच्या सावलीचं टोक कालच्या खुणेवर अचूक टेकलेलं त्यांनी बघितलं. मग त्यांनी सुमंतचा पहिला, होकायंत्रावरून दिशा आखलेला कागद उलगडला.

"सुमंता, खूण बरोबर हाय. कागद चुकीचा. असं कसं?"

"पहिल्यांदा मी चुकलो, अण्णा."

"ते नाही चुकले," उमा पुढे झाली. "मी चुकवलं." आणि तिनं वडिलांकडे बघत सगळं सांगितलं. सळया, बारदान, फळ्या. आईची खिडकी.

सुभेदारांचा चेहरा घट्ट झाला. "पाहुण्याला फसवलंस?"

"व्हय, आबा."

आखणीला आलेली आई पदर सावरत म्हणाली, "माझ्या खिडकीपायी एवढं? अगं, मी तव्याकडं बघू का डोंगराकडं?" पण बोलता बोलता तिनं डोळे पुसले.

सुमंत घाईनं म्हणाला, "सळया मीही बघायला हव्या होत्या. माझं लक्ष... नव्हतं."

"कुठं व्हतं?" अण्णांनी विचारलं.

सुमंतची नजर उमाकडे वळली. अण्णांनी उमाकडे बघितलं, मग जमिनीवरच्या दोन खुणांकडे.

"सुभेदार, ही रेघ एकट्याची न्हाई. सावली परत येईतो एकटा मानूस टिकत न्हाई, पेंगतो. मी धरायचो तवा ह्याची आई बसायची संगं." त्यांनी जुन्या कागदाची घडी घातली. "कागद आमी नवा देतो. बाकीचं तुमी लेकीला इचारा."

सुभेदार उमासमोर येऊन उभे राहिले.

"उमे, बसशील ह्याच्या संगं?"

"बसले की काल."

"कालचं न्हाई इचारत."

सुमंत खुंटीकडे बघत होता. इतका वेळ कुणी खुंटीकडे बघत नाही.

"बसेन," उमा म्हणाली.

सुभेदारांनी मान हलवली, दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या.

"मग ताणून धरा," ते म्हणाले आणि चुन्याचं घमेलं त्यांनी स्वतः उचललं.