पाइपावरचे टोले

मार्च संपत आला होता, तरी रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग हलले नव्हते. वरून नुसते काळवंडले होते. हेल्वीने गाडी बापाच्या दारात उभी केली, पण भोंगा वाजवला नाही. आर्वो कांगासला कुणी भोंगा वाजवून बोलावलेले खपत नसे. ती उतरून आत गेली.

स्वयंपाकघरात करपल्याचा वास कोंडला होता. कॉफीचे भांडे शेगडीवर होते. पाणी केव्हाच आटून गेले होते आणि खाली जाळ तसाच चालू होता. तिने गॅस बंद केला. ओव्हनमधून चामड्याचा वास येत होता म्हणून दार उघडून पाहिले. आत बापाचे हिवाळी बूट जोडीने नीट मांडून ठेवले होते.

"बाबा, हे काय?"

"बूट आहेत. डोळे फुटले का तुझे?"

"ओव्हनमध्ये?"

"ओले होते."

आर्वो दारात उभा होता. दाढी घोटलेली, गळ्याला टाय. पाठ अजून खांबासारखी ताठ.

"आज कुठे जायचंय, ठाऊक आहे ना?"

त्याने तिच्याकडे पाहिले. हिवाळाभर ती हीच नजर पाहत होती. बंद दुकानाच्या काचेतून आत डोकावणाऱ्या माणसाची असते तशी.

"तू नेशील तिथे," तो म्हणाला.

जायचे होते जुन्या इस्पितळात. म्हातारपणी बुद्धी कुणाची टिकते, कुणाची जाते आणि का जाते, याचा शोध विद्यापीठाने त्या खाणीच्या गावांत चालवला होता. म्हातारे-म्हाताऱ्या दरवर्षी तपासायच्या. काय खाता, झोप किती, काम काय केलेत, सगळे विचारायचे. शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत म्हणायला लावायचे. माणूस मेला की त्याचा मेंदू त्यांच्याकडे जायचा. त्या कागदावर आर्वोने बेधडक सही केली होती. "मेल्यावर मला तो काय करायचाय?" एवढेच बोलला होता.

त्यांचा एक नियम होता. म्हाताऱ्याबरोबर त्याला जवळून ओळखणारे एक माणूस यायचेच, आणि त्याला वेगळ्या खोलीत बसवून विचारायचे. हेल्वी दरवर्षी सांगत होती. शेगडी चालू ठेवतात. गेल्या हिवाळ्यात नुसत्या मोज्यांवर बाहेर पडले, शेजाऱ्याला बंद खाणीच्या कुंपणापाशी सापडले. आणि दरवर्षी चाचणीत आर्वोला पूर्ण गुण पडत.

बुद्धी गेली असे डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर धडधाकट माणसाला त्याच्या घरातून कुणी हलवू शकत नाही. आर्वो स्वतःहून हलणारा नव्हता. आता एखादी हिवाळ्याची रात्र, नाहीतर एखादी चालू राहिलेली शेगडी. हेल्वीला दुसरे काही नको होते. बाप जिवंत राहावा, म्हणून ते लिहिलेले हवे होते.

विद्यापीठाच्या डॉ. हालवर्सनने त्या दिवशी तिला मेंदूचा फोटो दाखवला.

"हे बघा. जुना अक्रोड कवचात वाळून खुळखुळावा, तसा झालाय. अशा माणसाला स्वतःचं नाव सांगता येऊ नये. आणि तुमचे वडील मला शंभरातून सात-सात वजा करत शेवटपर्यंत नेतात."

"मग ते कसं?"

"काहींच्या गाठीला शिल्लक असते. पुष्कळ शिकलेले, वाचणारे, चार लोकांत मिसळणारे. वडील किती शिकलेत?"

"सहावी."

"वाचन?"

"खाणीच्या फळ्यावरच्या नोटिसा."

"माणसांत मिसळणं?"

"माझ्याशी सुद्धा बोलत नाहीत."

डॉक्टर हसला. त्याला घबाड सापडले होते. हेल्वीला हसू आले नाही. ती म्हणाली, "मला एकदा बघू द्या. ते उत्तर कसं देतात ते."

चाचणीच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली होती. मधल्या काचेतून पलीकडचे दिसे, ऐकूही येई. हेल्वी तिथे जाऊन बसली. पलीकडे कोरीन कागद जुळवत होती. कोरीन त्याच गावची, पाववाल्या डुफोची मुलगी. इतकी वर्षे हेच काम करत होती.

"या, मिस्टर कांगास. बसा."

"पुन्हा तेच प्रश्न?" आर्वो म्हणाला. "गेल्या वर्षी सांगितलं ते विसरलीस वाटतं. तुझीच तपासणी करायला हवी."

"माझा नंबर येईल तेव्हा येईल. आता ऐका. शिडी. लोणी. कोल्हा. शिट्टी. निळा. हे लक्षात ठेवा."

मग तिने त्याला चित्रे दाखवली, आकडे वजा करायला लावले. थोड्या वेळाने विचारले, "मघाचे शब्द सांगा बघू."

हेल्वी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्या चेहऱ्यामागे कुणी नव्हते. लेक होती ती, तिला कळले. रिकाम्या घराची खिडकी जशी बाहेरून कळते, तसे कळले.

मग त्याचा डावा हात खुर्चीवरून खाली गेला. भिंतीलगत वाफेचा लोखंडी पाइप होता, त्याच्यावर जाऊन टेकला.

टण्… टण्…

जुन्या इमारतीचे पाइप वाजतातच. कोरीनने मानही वर केली नाही.

"शिडीऽ," आर्वो म्हणाला. "लोणीऽ. कोल्हाऽ. शिट्टीऽ. निळाऽ."

तिचा बाप शब्द तोडून बोलायचा, कुऱ्हाडीने लाकूड तोडावे तसा. शब्दाचे शेपूट असे ओढत कोण बोलायचे? तिने हे ऐकले होते. फार लहान होती तेव्हा, घरच्या टेबलापाशी, कुणाच्या तरी मांडीवर बसून.

परतताना गाडीत तिने विचारले.

"बाबा, तिथे पाइपला हात का लावता?"

आर्वो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"दिवा गेला की पाइप धरायचा," तो म्हणाला. "बोगद्यातून हवेचा पाइप असतो. टोपीवरचा दिवा विझला तर इंचभर हलायचं नाही. कुठे खड्डा असेल ठाऊक नसतं. पाइपावर हात ठेवायचा आणि थांबायचं. मग जोडीदार त्याच्या टोकाकडून ठोकतो. त्या आवाजाकडे हातामागे हात टाकत जायचं. तू त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यानं थांबायचं नाही. असा कायदा आहे."

"आणि दिवा चालू असला तर?"

"चालू दिव्याच्या माणसासाठी कोण ठोकील? हात दुखवायला?"

"आता… आता कोण ठोकतं, बाबा?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिची कीव आल्यासारखे.

"स्टिपे. दुसरा कोण? त्याचे दोन, सावकाश. माझे तीन, भराभर. म्हणजे अंधारात कळतं कोण ते."

मग ती मांडी कुणाची ते तिला आठवले. स्टिपे, बापाचा खाणीतला जोडीदार, शब्द ओढत बोलणारा क्रोएशियन. हेल्वी शाळेत जायच्या आधीच बोगद्यात चिखल फुटला आणि तो आत राहिला. आर्वो बाहेरच्या टोकाने पाइपवर ठोकत राहिला होता, मुकादमाने त्याच्या हातातून पाना काढून घेईपर्यंत. आतून कुणी आले नाही. पुढे कंपनीने तो बोगदा भिंत घालून बुजवला. स्टिपे अजून तिथेच होता.

हेल्वीने चार रात्री कशाबशा काढल्या. मग कोरीनला फोन केला.

"त्या पाइपांच्या आवाजानं बाबांचं चित्त लागत नाही. नव्या इमारतीत घेशील का चाचणी?"

"पूर्ण गुण घेतात की ते! आणखी कसलं चित्त लावायचंय?"

"माझ्यासाठी घे, कोरीन."

"बरं बाई. आण त्यांना."

नव्या इमारतीत वीज जमिनीखालून ऊब देई. भिंती आरशासारख्या गुळगुळीत. कोरीनने शब्द सांगितले, मधली कामे करून घेतली, मग विचारले. आर्वोचा हात खाली गेला. भिंतीवर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. बोटे चाचपत राहिली.

"मिस्टर कांगास? एखादा तरी शब्द?"

"स्टिपे…" तो हलकेच म्हणाला.

"हा नव्हता यादीत. बरं, राहू द्या. तुमचं नाव सांगा."

आर्वोने वर पाहिले. छतावरचे दिवे लखलखत होते.

"दिवा गेला," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही, आणि उठलाही नाही. हेल्वी आत गेली, हात धरला, विनवले. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. हलायचे नाही, असा कायदा होता. शेवटी दोन गड्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेले.

हवे होते ते डॉक्टरांनी लिहून दिले. हेल्वीने बापाला वृद्धांच्या घरात ठेवले. खोली स्वच्छ होती, उबदार होती, शेगडी नव्हती. ती वेलदोड्याचा पाव घेऊन रोज जायची आणि तसाच परत आणायची. आर्वो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे, एक हात भिंतीवर सपाट टेकलेला. एकदा तिने न राहवून पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमच्याने ठोकले. दोन, सावकाश. त्याचा हात हललासुद्धा नाही. हा आवाज कुणाचा नाही, ते त्याला कळत होते.

बर्चच्या झाडांना पालवी फुटायच्या आधी तो गेला.

मेंदू विद्यापीठाकडे गेला. उन्हाळ्यात डॉ. हालवर्सनचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"हेल्वी, मी नीट कसं सांगू… त्यांची बोलण्याची जागा, आठवणीची जागा, तिथं काही उरलेलं नव्हतं. हे या वर्षीचं नाही, कितीतरी जुनं आहे. आम्ही त्यांना तपासायला लागलो त्याच्याही आधीचं."

"मग तुमच्याशी बोलत कोण होतं?"

मग त्याने विषय बदलला. अशा माणसांच्या मुलांनाही ते तपासत होते. हेल्वी येईल का?

ती हो म्हणाली. बापाचे काही देणे राहून गेले आहे असे तिला वाटत होते. शिवाय तिला स्वतःची काळजी नव्हती. साठी आली नव्हती, शाळेचे अख्खे स्वयंपाकघर ती सांभाळत होती, तीनशे पोरांचे जेवण तोंडपाठ होते.

नंबर लागला तो नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात. कोरीन जुन्या इमारतीच्या दारातच भेटली.

"नव्या इमारतीत जागा नाही गं. तुझ्या बाबांच्याच खोलीत बसू. कोट काढू नकोस मात्र. बॉयलर उन्हाळ्यातच उचलून नेला, वसंतात ही इमारत पाडणार आहेत."

खोली गारठली होती. बोलताना तोंडातून वाफ येत होती. तीच खुर्ची, तीच काच. काचेपलीकडे अंधार. कोरीनने पाच शब्द वाचले. हेल्वी मनाशी हसली. एवढेच? मग चित्रे झाली, आकडे झाले.

"आता मघाचे शब्द सांग."

हेल्वीने तोंड उघडले.

काहीच नव्हते. शब्द विसरले असते तर त्यांची जागा तरी रिकामी दिसली असती. जागाही नव्हती. कोरीनने काही वाचले होते हेसुद्धा तिला आता सांगता आले नसते.

टण्-टण्-टण्.

"सुई," हेल्वी म्हणाली. "धूर. बदक. पायरी. पिवळा." एकेक शब्द, कुऱ्हाडीने तोडल्यासारखा.

कोरीनने कागदावर खुणा केल्या. "पाचही बरोबर! अगदी बापावर गेलीस."

हेल्वीने खाली पाहिले. तिचा डावा हात पाइपवर होता. तो तिने ठेवला नव्हता. त्या गारठ्यात लोखंड गरम होते. कुणीतरी फार वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखे.

"हात काढ गं, गार पडेल," कोरीन म्हणाली.

"कोरीन, तुला… आवाज आला?"

"कसला? इथे आता काय वाजणार? बरं, एवढं एकच सांग आणि सुटलीस. आज इथे आलीस कशी? गाडी घेऊन, की कुणी सोडलं?"

साधा प्रश्न होता. खिडकीबाहेर अंगणात दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यावर बर्फ भुरभुरत होता. हेल्वी एकेका गाडीकडे बघत राहिली.

"हेल्वी?"

तिने हात पाइपवर तसाच ठेवला, आणि थांबली. इंचभरही हलली नाही.

खूप खालून टोले आले. तीन, भराभर. आणि त्यांच्यामागून, सावकाश, दोन.