नऊ नंबरची टोपली

“जी अंडी अजून घातलीच नव्हती, त्यांची नोंद आधी कशी झाली?” खंड्याने विचारलं.

खंड्या हा आमच्या किनाऱ्यावरचा यंत्रमानव. कासवाची अंडी कुंपणात पुरली, की तो पन्नास दिवस मोजतो आणि पिल्लं वर यायच्या दिवशी घरट्यावरची टोपली उचलतो. त्या दिवशी, तेरा मार्चला, मला नऊ नंबरच्या टोपलीखाली खुडबुड ऐकू आली. खंड्या म्हणाला, “अशक्य! अजून तेरा दिवस आहेत.” शेवटी मीच टोपली उचलली. खाली पिल्लंच पिल्लं! उन्हाने मलूल झालेली, काही तर हलतही नव्हती.

शालनआत्याने त्यांना ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवलं. खंड्याचा नोंदी भरायचा पडदा (स्क्रीन) तिनेच बनवलाय.

“नोंद कुणी केली?” तिने विचारलं.

“मी,” म्हणताना मला रडूच फुटलं. घरटी शोधणाऱ्या माझ्या आजोबांच्या वहीत ‘माघ चतुर्थी’ लिहिलं होतं. मी माघ म्हणजे फेब्रुवारी धरला आणि चार तारीख ठोकून दिली. खरी तारीख होती बावीस जानेवारी.

आजोबा ओशाळले. “भरती-ओहोटी तिथीवर चालते, बाय. म्हणून मी तिथीच लिवतो.”

“दोघांचंही चुकलं नाही, माझ्या पडद्याचं चुकलं,” आत्या म्हणाली. “उर्मी, तू नोंद केलीस एकतीस जानेवारीला. चार फेब्रुवारी उजाडायचीच होती! पडद्याने तेव्हाच हटकायला हवं होतं. याला म्हणतात पडताळणी (भरलेली माहिती खरी असू शकते का, हे तपासणं). शिवाय मी दिला रिकामा चौकोन. त्यात कुणी काहीही लिहील! भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, तारखेखाली तिथी असलेलं पान दिलं असतं, तर तुला नुसतं बोट टेकवायचं होतं.”

“आणि बोट घसरलं तर?”

“तर पडद्याने वाचून दाखवायचं: बावीस जानेवारी, माघ शुद्ध चतुर्थी, म्हणजे नऊ दिवसांपूर्वी. बरोबर?”

दुपारभर बसून आत्याने पडदा बदलला. संध्याकाळी गोणपाट उचललं, तर एकशे सहा पिल्लं तुरुतुरु लाटेकडे निघाली. दोन हललीच नाहीत. त्यांच्यासाठी मी खूप रडले. आजोबा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवं घरटं सापडलं. आजोबांनी वही काढली, पुन्हा खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर बोट टेकवलं.

“चौदा मार्च, फाल्गुन वद्य दशमी, म्हणजे आज,” खंड्याने वाचलं. “बरोबर?”

“बरोबर रे, बाबा!” आजोबा हसले.

आणि खंड्या मोजू लागला, “एक...”